हिवऱ्याला पाण्याचा हिशोब पेरणीआधी कळतो, मग कांद्याच्या निर्यातीचा का नाही?

नगर तालुक्यातल्या हिवरे बाजारात पावसाळा संपला की ग्रामसभा पाण्याचा ताळेबंद मांडते. पाऊस किती पडला, विहिरींची पातळी कुठे आहे, माणसांना, जनावरांना आणि झाडांना किती लागणार आणि शेतीला किती उरणार, हे सगळ्यांसमोर ठरतं. पाणी कमी असेल तर रब्बीचं क्षेत्र आणि पीक त्या मानानं बदलायचं. उसाला आणि केळीला गावात बंदी आहे, शेतीच्या उपशासाठी बोअरवेल घ्यायची नाही. हे नियम कडक आहेत, पण शेतकऱ्याला ते पेरणीच्या आधी माहीत असतात. पोपटराव पवारांच्या पुढाकारानं १९९० पासून गावात जे बदललं, त्याचं कौतुक देशभर झालं आणि २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कौतुकात ही एक गोष्ट मात्र अनेकदा निसटते. गावानं पाणी साठवलं हे खरंच, पण त्यासोबत अनिश्चितताही कमी केली.

आता याच गावातला कांदा नेप्तीच्या बाजारात जातो तेव्हा काय होतं बघा. लिलावात व्यापारी जो आकडा पुकारतो, तो गावातल्या पावसावर ठरत नाही. न्हावा-शेव्याच्या बंदरात काय चाललंय, दिल्लीतून काय अधिसूचना निघाली, बांगलादेशानं आयातीचे परवाने दिले की रोखले, यावर तो ठरतो. शिवारातलं सगळं शेतकऱ्यानं नीट केलं तरी पुढची साखळी कधी तुटेल याचा भरवसा नाही.

विकसनशील देशांच्या शेतमालाला जगाच्या बाजारात जागा मिळावी म्हणून व्यापार सुलभ करण्याची चर्चा गेली दहा-बारा वर्षं जोरात आहे. त्यात कामही झालंय. पण कांद्याचा अनुभव सांगतो की नुसता वेग वाढवून भागत नाही. नियम आधी कळणं हीसुद्धा सुलभताच आहे, आणि तिथेच आपण अजून मागे आहोत.

जागतिक करारात काय आहे?

जागतिक व्यापार संघटनेत १६०हून अधिक देश आहेत. डिसेंबर २०१३ मध्ये इंडोनेशियातल्या बाली इथल्या परिषदेत या देशांचं व्यापार सुलभीकरण करारावर एकमत झालं. भारतानं एप्रिल २०१६ मध्ये तो मंजूर केला आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून तो लागू झाला.

हा करार आयात शुल्क किती असावं हे ठरवत नाही. माल सीमेवर किती वेळ अडकतो, किती कागद लागतात, किती खात्यांच्या दारात जावं लागतं, हा त्याचा विषय. सगळे कागद एकाच खिडकीत द्यावेत. प्रत्येक पेटी उघडून बघण्याऐवजी जिथे शंका आहे तिथेच तपासणी करावी. नियम आणि शुल्क इंटरनेटवर सगळ्यांना दिसावेत. आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाशवंत मालासाठी वेगळं कलम आहे. असा माल कमीत कमी वेळात सोडायचा, तपासणीत त्याला आधी घ्यायचं, गरज पडली तर कार्यालयीन वेळेबाहेरही काम करायचं आणि तो ठेवायला योग्य जागा द्यायची.

जागतिक व्यापार संघटनेच्या २०१५ च्या अहवालातला अंदाज असा होता की करार पूर्णपणे राबवला तर व्यापाराचा खर्च सरासरी १४.३ टक्क्यांनी कमी होईल आणि त्याचा जास्त फायदा गरीब देशांना होईल. कारण उघड आहे. श्रीमंत देशांची बंदरं आधीच वेगात चालतात. वेळ, कागद आणि चहापाण्याचा खर्च आपल्यासारख्यांच्या वाट्याला जास्त येतो. हा खर्च शेवटी निर्यातदार भरत नाही. तो लिलावात बोली कमी करतो आणि वक्कल घेऊन आलेल्या शेतकऱ्याकडून वसूल करतो.

बंदरावर सुधारणा झाली, हे मान्य करायला हवं

भारतानं या बाबतीत हात आखडता घेतला नाही. २०१६ मध्ये कस्टम्सची एक खिडकी योजना सुरू झाली. पुढं कागद ऑनलाइन चढवण्याची सोय आली. कारखान्यात किंवा पॅकहाऊसमध्ये कंटेनर भरून त्याला इलेक्ट्रॉनिक सील लावायचं आणि तो थेट बंदरात न्यायचा, ही पद्धत रुळली. सरकारच्या २०२०-२३ च्या कृती आराखड्यात समुद्रमार्गे जाणारा निर्यातीचा माल २४ तासांत आणि विमानानं जाणारा १२ तासांत सोडण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. न्हावा-शेव्याला माल किती तासांत सुटतो, याची पाहणीही सरकार करतं.

नगर जिल्ह्यासाठी हे महत्त्वाचं आहे. आपल्याकडून ट्रक पुण्यावरून किंवा आळेफाटा-माळशेजमार्गे निघाला की एका रात्रीत मुंबईच्या बाजूला पोहोचतो. पूर्वी रस्त्यापेक्षा बंदरातच जास्त वेळ जायचा, तो कमी झाला. राहाता-संगमनेरच्या डाळिंबाला, श्रीगोंदा-पारनेर-राहुरीच्या कांद्याला त्याचा उपयोग होतो. पुढं पालघर जिल्ह्यात वाढवण बंदर होतंय. ७६ हजार २०० कोटींच्या या प्रकल्पाची पायाभरणी ऑगस्ट २०२४ मध्ये झाली. तिथल्या मच्छीमारांचे प्रश्न आहेत आणि ते टाळता येणार नाहीत, पण राज्याची बंदरांची क्षमता वाढणार हे नक्की.

म्हणजे तासांचा हिशोब सुधारला. बिघडला तो महिन्यांचा.

१९ महिन्यांत सहा वेळा बदललेला नियम

तारखाच बघू. १९ ऑगस्ट २०२३ रोजी कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं, तेही त्याच दिवसापासून. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे किलोला साधारण ६७ रुपयांच्या खाली परदेशात विकायचंच नाही. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातच बंद. ही बंदी ३१ मार्च २०२४ पर्यंत होती, पण ती संपायच्या आधीच पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. ४ मे २०२४ ला, ऐन लोकसभा निवडणुकीत, बंदी उठली, पण ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान मूल्याची अट गेली आणि शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही रद्द झालं.

साधारण १९ महिन्यांत सहा वेळा बदल. आणि हे पहिल्यांदाच घडलं असंही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये बंदी आली ती मार्च २०२० पर्यंत राहिली. सप्टेंबर २०२० मध्ये पुन्हा आली, ती १ जानेवारी २०२१ ला उठली.

आता शेतकऱ्याचं वेळापत्रक यापुढे ठेवा. गावरान कांद्याचं रोप ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये टाकायचं, डिसेंबर-जानेवारीत लागवड, मार्च-एप्रिलमध्ये काढणी, मग चाळीत भरून दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्यानं विक्री. रोप टाकल्यापासून शेवटची गोणी विकेपर्यंत वर्ष जातं. त्या एका वर्षात नियम तीन-चार वेळा बदलत असेल तर शेतकऱ्यानं कशाच्या भरवशावर चाळ भरायची? डिसेंबर २०२३ च्या बंदीनंतर काही आठवड्यांत लाल कांद्याचे भाव निम्म्याच्या आसपास आले. लाल कांदा तर चाळीत टिकतही नाही. तो विकावाच लागतो.

आकड्यांतही हे दिसतं. २०२२-२३ मध्ये देशातून २५ लाख टनांहून जास्त कांदा गेला. २०२३-२४ मध्ये १७.१७ लाख टन आणि २०२४-२५ मध्ये १८ मार्चपर्यंत ११.६५ लाख टन. बंदरं वेगवान होत असतानाच निर्यात निम्म्याहून खाली आली.

वेग आणि नियम यांची गाठ

एक बारकावा बहुतेकांना माहीत नसतो. कस्टम्स कायद्यानुसार निर्यात शुल्काचा दर माल बंदरात पोहोचला त्या तारखेचा धरत नाहीत. अधिकाऱ्यानं माल चढवायला परवानगी दिली, त्या तारखेचा दर लागतो. म्हणजे ट्रक शुक्रवारी बंदरात लागला, परवानगी शनिवारी मिळाली आणि मधल्या रात्री शुल्क वाढलं, तर वाढीव शुल्क भरायचं. सौदा तर जुन्या भावानं झालेला. समजा किलोला २० रुपयांनी सौदा केला असेल, तर ४० टक्क्यांनी ८ रुपये वर गेले. निर्यातदाराचा नफा एवढा नसतोच. मग पुढच्या खरेदीत तो आधीच हात राखून बोली लावतो. उद्या काय होईल सांगता येत नाही, या भीतीची किंमत रोजच्या लिलावात कापली जाते, बंदी नसेल त्या दिवशीसुद्धा.

डिसेंबर २०२३ च्या बंदीत काही सवलत होती. अधिसूचनेच्या आधी कस्टम्सच्या ताब्यात दिलेला किंवा जहाजावर चढायला लागलेला माल जाऊ दिला. पण रस्त्यात असलेला ट्रक, पॅकहाऊसमध्ये निवडून, प्रतवारी करून, जाळीच्या गोण्यांत भरलेला माल आणि ज्याची इसार देऊन खरेदी झाली तो चाळीतला कांदा, यांना ती सवलत नव्हती.

करारातच पळवाट

मग जागतिक करार याला काही म्हणत नाही का? म्हणतो. नियम बदलण्याआधी व्यापाऱ्यांना आणि संबंधितांना मत मांडायची संधी द्यावी आणि नवा नियम लागू होण्यापूर्वी शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध करावा, असं दुसऱ्या कलमात आहे. पण त्याच कलमात पुढं अपवाद आहेत. शुल्काच्या दरातले बदल आणि तातडीच्या परिस्थितीतले उपाय यांना ही अट लागू नाही. कांदा उत्पादकाला जे दोन फटके बसतात, नेमके तेच वगळलेले.

दुसरा एक जुना करार आहे, शेतीचा. त्यात अन्नधान्याच्या निर्यातीवर निर्बंध आणणाऱ्या देशानं आयात करणाऱ्या देशांचा विचार करावा आणि आधी लेखी कळवावं, असं म्हटलंय. विकसनशील देशांना त्यातून सूट आहे, पण त्या पदार्थाचा जो देश निव्वळ निर्यातदार असेल त्याला सूट नाही. कांद्यात आपण निव्वळ निर्यातदारच आहोत. तरी या कलमाची आठवण दिल्लीत फारशी कुणी काढत नाही.

दुसऱ्या टोकालाही गरीब माणूसच

हा प्रश्न आपल्याच शेतकऱ्याचा आहे असं समजायचं कारण नाही. आपला कांदा मोठ्या प्रमाणावर बांगलादेश, श्रीलंका, नेपाळ, मलेशिया आणि आखाती देशांत जातो. यातले पहिले तिन्ही आपल्यासारखेच विकसनशील देश. २०१९ ची बंदी आली तेव्हा बांगलादेशात कांदा किलोला २०० टाक्यांच्या वर गेला आणि त्यांना तो विमानानं मागवावा लागला. त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना ऑक्टोबर २०१९ मध्ये दिल्लीत आल्या, तेव्हा उद्योजकांच्या कार्यक्रमात त्यांनी हसत हसत सांगितलं की आपण स्वयंपाक्याला कांदा बंद करायला सांगितलाय, आणि पुढच्या वेळी थोडं आधी कळवा. हसण्यावारी नेलेली ती गोष्ट खरं तर या साऱ्या विषयाचं सार होती. बंदी घालू नका असं त्या म्हणाल्या नाहीत. आधी कळवा, एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर पुढच्याच वर्षी पुन्हा अचानक बंदी आली. गिऱ्हाईक किती दिवस थांबणार? बांगलादेशानं स्वतःचं उत्पादन वाढवलं, पाकिस्तान, चीन, इजिप्तकडून माल घेतला, आणि २०२५ मध्ये आपल्या कांद्यासाठी आयातीचे परवाने बराच काळ रोखून धरले. आता शुल्क शून्य आहे, बंदर वेगवान आहे, पण हक्काचं गिऱ्हाईक पूर्वीसारखं राहिलेलं नाही. किराणा दुकानदार महिन्यातले दहा दिवस शटर पाडून बसला तर लोक पुढच्या गल्लीत जातात. देशांचंही तसंच.

कागदाची चूक आणि मालाची किंमत

सगळा दोष दिल्लीच्या अधिसूचनांवर टाकून मोकळं होता येणार नाही. कागदपत्रांची शिस्त हा दुसरा अर्धा भाग आहे. मे २०२५ मध्ये अमेरिकेला विमानानं गेलेल्या आंब्याच्या १५ खेपा लॉस एंजेलिस, सॅन फ्रान्सिस्को आणि अटलांटाच्या विमानतळांवर नाकारल्या. फळात खोट नव्हती. नवी मुंबईच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया झाली होती, पण तिच्या प्रमाणपत्रात त्रुटी असल्याचं अमेरिकेनं म्हटलं. परत आणण्याचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून आंबा तिथेच नष्ट केला. नुकसान सुमारे ५ लाख डॉलर.

२०१० साली द्राक्षांचं असंच झालं. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढरोधकाचे अंश सापडल्यानं युरोपात कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात गेले. त्यानंतर तपासणीच्या यादीत हा घटक आला. द्राक्षासाठी बागेची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल आणि पेटीपर्यंतचा माग ठेवणारी अपेडाची ग्रेपनेट प्रणाली आधीपासून होती, ती आणखी कडक झाली. म्हणून आज द्राक्षाच्या पेटीवरून बाग शोधता येते. कांद्याला अशी शिस्त अजून नाही. नेप्ती, घोडेगाव, वांबोरीच्या बाजारात आलेला कांदा कुठल्या गावचा, त्यावर शेवटची फवारणी कधी झाली, हे लिलाव झाल्यावर कुणालाच सांगता येत नाही.

दिल्लीची बाजूही ऐकावी

सरकारनं निर्बंध का आणले? कारण शहरात कांदा महागला की गरिबाच्या ताटावर परिणाम होतो आणि सरकारला तो टाळायचाच असतो. २०२३ मध्ये पाऊस कमी झाला, खरिपाचा कांदा लांबला, आणि नोव्हेंबरमध्ये मोठ्या शहरांत भाव भडकले. सरकारनं राखीव साठाही ३ लाख टनांवरून ५ लाख टनांवर नेला आणि ऑगस्टमध्ये क्विंटलला २,४१० रुपयांनी खरेदी जाहीर केली. खाणाऱ्याचा विचार करूच नये, असं कुणी शहाणा शेतकरी म्हणणार नाही. पुण्या-मुंबईत राबणारी आपलीच पोरं तो कांदा विकत घेतात.

पण सरकार घाबरून निर्णय घेतं त्याचं एक कारण म्हणजे त्याच्याकडे वेळेवर खरी माहिती नसते. चाळींत किती कांदा आहे, त्यातला किती सडला, नवीन लागवड किती झाली, याचे अंदाजच असतात. हिवरे बाजारात पर्जन्यमापक आहे, विहिरींच्या नोंदी आहेत, म्हणून ग्रामसभेला निर्णय घेताना घबराट होत नाही. देशाच्या कांद्याचं असं मोजमाप असतं तर डिसेंबरच्या बंदीऐवजी सप्टेंबरमध्येच एखादा सौम्य उपाय करता आला असता.

मग करायचं काय?

पहिलं म्हणजे निर्यातीचं धोरण हंगामाच्या आधी जाहीर व्हावं. रोपं टाकायच्या सुमाराला, ऑक्टोबरमध्ये, सरकारनं सांगावं की किरकोळ भाव अमुक पातळीवर गेला तर इतकं शुल्क लागेल, तमुक पातळीवर गेला तर इतकं. बंदीची वेळ आलीच तर किमान ३० दिवस आधी सूचना द्यावी. निर्बंध नकोतच, असं हे म्हणणं नाही. ते कधी आणि किती, एवढं माहीत असावं.

दुसरं, ज्या मालाचा सौदा आणि पैशाचा व्यवहार अधिसूचनेआधी झालाय, त्याला जुना नियम लागू राहावा, मग तो ट्रकमध्ये असो की पॅकहाऊसमध्ये.

तिसरं, साठ्याची नोंद. चाळीसाठी अनुदान देताना सरकार त्या चाळीची माहिती घेतंच. तीच नोंद हंगामात दर महिन्याला अद्ययावत करायला काय हरकत आहे? ग्रामपंचायत हे काम करू शकते. ज्या गावांनी पाणी मोजलं त्यांना कांदा मोजणं अवघड नाही.

चौथं, जिल्ह्यातच सोयी हव्यात. अंश तपासणी, प्रतवारी, कंटेनर भरण्याची जागा आणि कागद नीट करून देणारी माणसं बाजार समितीच्या आवारात मिळाली, तर शेतकरी उत्पादक कंपन्या मुंबईच्या मध्यस्थाशिवाय माल पाठवू शकतील. बंदर कितीही वेगवान झालं तरी कागद चुकला की माल अडकणारच.

आणि पाचवं, आपल्या खासदार-आमदारांनी कांद्यावर बोलावं ते भाव पडल्यावर नव्हे. आज शुल्क शून्य आहे, बाजार मोकळा आहे. नियम लिहून घ्यायची हीच वेळ. भाव चढले की दिल्लीत कुणी ऐकणार नाही आणि पडले की ऐकून उपयोग होणार नाही. २०२४ च्या लोकसभेला कांद्यानं नगर, नाशिक, दिंडोरीत काय केलं, ते सगळ्याच पक्षांनी पाहिलंय. पुढच्या निवडणुकीपर्यंत थांबायची गरज नाही.

हिवरे बाजारच्या ग्रामसभेचा धडा पाण्यापुरता नाही. कमी पाऊस पडला तर गाव पीक बदलतं, कुरकुरत का होईना पण ऐकतं, कारण हिशोब आधी आणि सगळ्यांसमोर झालेला असतो. कांदा उत्पादकालाही तेवढंच हवंय. शुल्क किती, बंदी कधी, सवलत कुणाला, हे रोप टाकायच्या आधी कळू द्या. मग चाळ भरायची की नाही, ते तो स्वतः ठरवेल.